वाचकांचे प्रश्न : बाहेर कर्फ्यू, आत चूल

मागच्या अंकात तेमसुला आओ यांच्या 'दीज हिल्स कॉल्ड होम' या इंग्रजी कथासंग्रहाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००६ मध्ये आलेला हा संग्रह, दहा गोष्टी, सगळ्या नागालँडमधल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा १९५० च्या दशकात नागांचं बंड आणि लष्कराची कारवाई दोन्ही जोरात असताना मधल्या मध्ये गावातल्या साध्या माणसांचं काय झालं त्याच्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : मी एम.ए. इंग्लिश करतेय, आम्हाला 'द लास्ट साँग' ही गोष्ट लावलीये. सर म्हणतात आधी इतिहास वाचा, पण इतिहास वाचायला घेतला तर एनएनसी, एनएससीएन, हा करार, तो करार, एवढी नावं आली की गोष्ट बाजूलाच राहिली. किती इतिहास वाचला तर पुरे?

आधी गोष्ट वाच. एकदा सलग, काहीही न शोधता, गुगल न करता. अपेन्यो नावाची मुलगी आहे, तिला गाण्याचं वेड आहे, आई विधवा, विणकाम करून घर चालवणारी, गावात नवीन चर्च बांधलंय आणि त्याच्या उद्घाटनाला अपेन्यो गाणार आहे, एवढं कळलं तरी गोष्ट तुला धरते आणि पुढे जे होतं ते कळायला कुठल्याही कराराचं नाव लागत नाही. सैनिक येतात, मुलगी गाणं थांबवत नाही, आणि त्यानंतर तिच्यावर आणि आईवर जे गुदरतं ते वाचून तू पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवशील. ठेव. लगेच नोट्स काढायला बसू नकोस.

मग इतिहास, आणि तोही एका पानाचा पुरतो. एनएनसी म्हणजे नागा नॅशनल कौन्सिल, नागांची राजकीय संघटना, तिने १४ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे भारताच्या एक दिवस आधी, स्वतःचं स्वातंत्र्य जाहीर केलं. १९५१ मध्ये फिझोंच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपलं सार्वमत घेतलं, १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीवर बहिष्कार टाकला, १९५६ मध्ये भूमिगत सरकार आणि त्याची फौज उभी राहिली, दिल्लीने लष्कर पाठवलं, आणि १९५८ मध्ये सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा म्हणजे ज्याला सगळे आफ्स्पा म्हणतात तो आला. या कायद्याने 'अशांत' जाहीर केलेल्या भागात वॉरंटशिवाय अटक करायचे, झडती घ्यायचे, काही परिस्थितीत ठार होईपर्यंत गोळी चालवायचे अधिकार अधिकाऱ्याला आणि अगदी हवालदार पातळीपर्यंतच्या माणसाला मिळाले आणि केंद्राच्या परवानगीशिवाय त्याच्यावर खटला भरता येत नाही. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य झालं, १९६४ ला पहिली शस्त्रसंधी, १९७५ चा दिल्लीबरोबरचा शिलाँग करार काहींनी मानला काहींनी नाही, न मानणाऱ्यांनी १९८० ला एनएससीएन म्हणजे नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड ही वेगळी संघटना काढली, ती १९८८ ला फुटली, १९९७ पासून परत शस्त्रसंधी. परीक्षेला एवढं बस्स.

पण एक गोष्ट मात्र नीट समजून घे कारण पुस्तकात ती पुन्हा पुन्हा येते आणि सिलॅबसच्या नोट्समध्ये एका ओळीत उरकलेली असते, ती म्हणजे गावांचं ग्रुपिंग. बंडखोरांना धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून आसपासची गावं उठवून एका ठिकाणी कुंपणात आणून ठेवायची. आता नागा गाव म्हणजे नुसती घरं नव्हेत, त्याची हद्द, शेतं, जंगल, पूर्वजांच्या जागा, सगळं मिळून ते गाव असतं. शेत लांब राहिलं, जायला परवानगी हवी, ठराविक वेळेत परत यायला हवं, पीक उभ्या उभ्या गेलं. माणसं मेली नाहीत तरी आयुष्य मोडलं, आणि हे बातमीत कधी येत नाही. हे डोक्यात ठेवून 'सोआबा' वाच, त्यातला खुळा समजला जाणारा मुलगा गावात असा भटकत का येतो ते लगेच कळेल.

आणि मग 'द लास्ट साँग' दुसऱ्यांदा वाचताना मृत्यूनंतरच्या भागाकडे लक्ष दे. मायलेकींना कुठे पुरायचं यावरून गावात वाद होतो, कारण अपघाती, अनैसर्गिक मरण आलेल्यांना गावच्या स्मशानात जागा नसते. म्हणजे ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनाच गावाचा नियम बाहेर ठेवतो, आणि गाव तरी काय वाईट लोकांचं आहे का, नाही, पण नियम तो नियम. सैनिक निघून गेल्यावरही गोष्ट संपत नाही, गावाला स्वतःकडे बघायला लावते. परीक्षेत हा मुद्दा लिहिलास तर मला वाटतं सर खूश होतील, न झाले तरी लिही.

प्रश्न : माझे मोठे दीर आसाम रायफल्समध्ये होते, नागालँड आणि मणिपूरमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. तुम्ही सुचवलेलं पुस्तक मी आणलं. या गोष्टींत जवान म्हणजे घरं जाळणारा आणि बायकांवर हात टाकणारा. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. त्यांची बाजू कोण लिहिणार?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. राग येणं मला समजतं. घरातला माणूस महिनोन् महिने लांब, पत्राची वाट बघायची, रेडिओवर हल्ल्याची बातमी आली की पोटात गोळा, हे तुम्ही काढलंय आणि ते कोणी नाकारू शकत नाही. त्यामुळे 'लेखिकेने बॅलन्स ठेवलाय हो' असं म्हणून तुमची समजूत काढणार नाही. काही गोष्टींत लष्कराने केलेलं भयंकर आहे आणि तिने ते तसंच लिहिलंय.

पण पुस्तक पूर्ण वाचलंत का? मला वाटतं दोन-तीन गोष्टींनंतर तुम्ही थांबलात, कारण पुढे चित्र बदलत जातं. 'सोआबा'मध्ये ज्याची दहशत आहे तो बॉस सैनिक नाहीये, तो स्थानिक नागाच आहे, सरकारच्या मदतीला उभ्या केलेल्या टोळीचा म्होरक्या, हातात बंदूक आणि सत्ता आल्यावर आपल्याच माणसांवर उलटलेला. 'शॅडोज'मध्ये भूमिगत फौजेच्या एका तुकडीबरोबर निघालेला कोवळा मुलगा मरतो तो शत्रूच्या गोळीने नाही, स्वतःच्या बाजूच्या माणसाच्या डावाने. 'अ न्यू चॅप्टर'मध्ये लष्कराला भाजीपाला पुरवणारा एक ठेकेदार आपल्याच नात्यातल्या बाईकडून भोपळे घेतो, पैसा करतो, निवडणुकीला उभा राहतो आणि मग तिला विसरतो. इथे ना जवान दोषी ना बंडखोर, अशांततेतसुद्धा एक बाजार उभा राहतो आणि त्यात कोण मोठा होतो ते दिसतं. आणि ज्या 'द लास्ट साँग'मध्ये सगळ्यात क्रूर प्रसंग आहे तिथला तो तरुण कॅप्टन, त्याचं पुढे काय झालं तेही गोष्ट सांगते, तो वेड्यांच्या इस्पितळात कडक बंदोबस्तात बंद आहे. माफ केलेलं नाही त्याला, पण लेखिका त्याला सोडूनही देत नाही, त्याच्यामागे जाऊन बघते की हे करून माणूस पुढे कसा जगतो. एवढं कोण करतं?

आता 'बाजू' या शब्दाबद्दल. लष्कराकडे फाइल असते, अहवाल असतो, शौर्यपदक असतं. भूमिगत गटाकडे पत्रक असतं, हुतात्म्यांची यादी असते. ज्या बाईने पहाटे घराला वेढा पडलेला असताना घरातल्या घरात काय ते ठरवलं तिच्याकडे काहीच नसतं. 'द जंगल मेजर'मधली खतिला आठवा. नवरा भूमिगत फौजेत, नेमका त्या रात्री घरी आलेला, बाहेर सैनिक. ती त्याला जुनेपाने कपडे घालायला लावते, आणि सैनिकांच्या देखत त्याच्यावर घरगड्यासारखी खेकसते, आळशी मेल्या, घरात पाण्याचा थेंब नाही, जा पाणी घेऊन ये, आणि तो पाण्याची भांडी घेऊन त्यांच्या नाकासमोरून चालत जातो. नवरा दिसायला असा सामान्य की गावाने लग्नाच्या वेळी नाकं मुरडलेली, आज तेच सामान्यपण त्याला वाचवतं. इथे कुठलीही घोषणा नाही. बाईकडे काय होतं, पाणी भरायचं काम होतं आणि आवाज होता, तेवढ्यावर तिने माणूस वाचवला. ही गोष्ट कुठल्या बाजूची म्हणायची? तुम्ही तिच्या जागी असता तर, किंवा तुमच्या दिरांच्या मागे पोलीस लागलेले असते तर, तुम्हीही हेच केलं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सगळं जुनं झालं असं म्हणायलाही जागा नाही. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळशाच्या खाणीतून पिकअपमधून घरी परतणारे सहा मजूर लष्कराच्या विशेष तुकडीने बंडखोर समजून मारले, त्यानंतरच्या उद्रेकात आणखी गावकरी गेले, एकूण १४ नागरिक, आणि एक जवानही गेला. आठवड्याची मजुरी करून शनिवारी घरी निघालेली माणसं. त्या जवानाच्या घरीही कोणीतरी वाट बघतच होतं. दोन्ही घरांतलं दुःख मोजायला एकच काटा लावता येत नाही हे मला कळतं, पण एका घराबद्दल वाचलं म्हणून दुसऱ्या घराचा अपमान होतो असं मला नाही वाटत.

तुमच्या दिरांची गोष्ट लिहिली गेली पाहिजे, हे अगदी खरं. ती तुम्ही लिहा. चकमकींबद्दल नका विचारू त्यांना, ते सांगतील तेवढं सांगतील. रात्रीच्या पहाऱ्यात थंडीत काय करायचे ते विचारा, गावातल्या कोणाशी ओळख झाली होती का, कोणाच्या घरी चहा प्यायले का, भाषा किती आली, कोणाची भीती वाटायची आणि कोणाला आपली भीती वाटतेय हे कळल्यावर कसं वाटायचं. हे सगळं मराठीत फार कमी आलंय.

प्रश्न : नागा माणसाने नागा भाषेत लिहावं ना, इंग्रजीत लिहिलेलं प्रादेशिक साहित्य कसं काय? मला तर हे दिल्ली-मुंबईच्या प्रकाशकांसाठी लिहिलेलं वाटतं. शिवाय भाषाही सपाट आहे, सरळ सांगत जातात, शैली अशी काही नाही.

पहिल्या भागाबद्दल आधी. 'नागा भाषा' अशी एक भाषाच नाहीये. आओ, अंगामी, सेमा, लोथा, कोन्याक आणि इतर अशा प्रत्येक जमातीची आपली भाषा, आणि आओमध्येसुद्धा चुंगली आणि मोंगसेन असे दोन मोठे प्रकार. मोकोकचुंगच्या माणसाने आओत लिहिलं तर कोहिमाच्या अंगामी माणसाला ते वाचता येत नाही. बाजारात, बसमध्ये, ऑफिसच्या बाहेर चालते ती नागामीज, असमियातून घडलेली कामापुरती बोली, सगळ्यांना येते पण तिच्यात साहित्य फारसं झालं नाही. शाळा आली अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांबरोबर, क्लार्क नावाचे मिशनरी १८७२ पासून आओ भागात, त्यांनी रोमन लिपी आणली, बायबल आणलं. आणि १९६७ मध्ये विधानसभेने इंग्रजी हीच राज्याची राजभाषा ठरवली. तेव्हा तिकडची इंग्रजी म्हणजे वर्गातली, चर्चमधली, सरकारी अर्जातली, शेजारच्या जमातीच्या माणसाला पत्र लिहायची भाषा. दिल्लीच्या आधी ती कोहिमा आणि मोकोकचुंगला जोडते.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. आसाममध्ये असमियाची कथापरंपरा दणकट आहे, तिथे इंग्रजीत लिहिणं ही खरोखर निवड असते. अरुणी कश्यप दोन्ही भाषांत लिहितात, त्यांची 'द हाउस विथ अ थाउजंड स्टोरीज' ही २०१३ ची कादंबरी, लग्नघर भरलेलं आणि बाहेर १९९८ ते २००१ च्या काळातल्या, बंडखोरांच्या नातेवाइकांच्या गुप्त हत्यांची दहशत, हे तर त्यांनी इंग्रजीत लिहिलं. मिझोराममध्ये मिझो ही एक समान भाषा आहे, त्यामुळे १९६६ च्या उठावाबद्दल, मार्च १९६६ मध्ये आयझॉलवर आपल्याच हवाई दलाने केलेल्या बॉम्बफेकीबद्दल, नंतरच्या ग्रुपिंगबद्दल मिझोतच भरपूर लिहिलं गेलंय, तिकडे त्या काळाला रामबुआई म्हणतात, पण भाषांतर झालं नाही की आपल्यापर्यंत काहीच येत नाही. आणि नागांबद्दल दुसऱ्याने लिहिलेलंही वाचा, बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची 'इयारुइंगम' ही असमिया कादंबरी, १९६१ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, तांगखुल नागांमध्ये शिक्षक म्हणून राहिलेल्या माणसाने लिहिलेली. प्रेमाने लिहिलेली आहे. तरी ती पाहुण्याने पाहिलेली आहे.

इंग्रजीत लिहिण्याची किंमत आहेच, ती मी नाकारत नाही. ज्या म्हातारीने गोष्ट सांगितली तिला पुस्तक वाचता येत नाही. पण यावर उपाय म्हणून लेखकाला इंग्रजी सोडायला सांगायचं का? त्यापेक्षा आओत, अंगामीत, मराठीत भाषांतरं व्हावीत. मराठीत तर नक्कीच.

आता सपाट भाषा. तेमसुला आओ शिलाँगच्या नेहूत, म्हणजे नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत प्राध्यापक होत्या आणि आओ मौखिक परंपरेवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यावर पुस्तक लिहिलं. आओंकडे लिपी नव्हती, जे काही टिकलं ते सांगून टिकलं. त्यामुळे त्यांची गोष्ट चुलीपाशी बसून सांगितल्यासारखी येते, आधी कोण कोणाचा, कुठल्या घरातला, मग काय झालं, आणि मध्येच सांगणारी थांबून म्हणते की तेव्हा असे दिवस होते. 'द लास्ट साँग'चा शेवट तर उघड उघड तसाच आहे, थंडीच्या रात्री एक म्हातारी पोरांना गोष्ट सांगतेय. ज्यांना मनाच्या आत शिरणारी, अर्धवट सोडणारी आधुनिक कथा आवडते त्यांना हे सपाट वाटतं, साहजिक आहे.

तरी काही ठिकाणी तुमचं बरोबर आहे. कधी कधी त्या गोष्ट थांबवून परिस्थिती समजावून सांगतात, परिच्छेद दोन परिच्छेद, ग्रुपिंग म्हणजे काय, भूमिगत सरकार म्हणजे काय, तिथे मलाही वाटतं की पात्रांवर सोडा ना, ती सांगतील. पण 'द कर्फ्यू मॅन' बघा. सातेम्बा, आधी पोलिसात शिपाई, फुटबॉल खेळताना गुडघा गेला म्हणून नोकरी गेली, बायको साहेबाच्या घरी कामाला, आणि साहेब त्याला खबऱ्या करतो. कर्फ्यूत सगळं गाव घरात कोंडलेलं असताना हा एकटा लंगडत रस्त्यावर, कारण त्याला परवानगी आहे. नाही म्हणायची सोय नाही, बायकोची नोकरी जाईल. हो म्हणत राहिलं तर दुसरे लोक बघताहेत. शेवटी दुसरा गुडघाही जातो. त्याला सुटका मिळते ती अशी, आणि सरकारला काय, दुसरा माणूस मिळतोच. या गोष्टीत एक वाक्य जास्त नाही. दोन्हीकडून दाबला जाणारा माणूस किती भाषणांत ऐकतो आपण, पण गुडघा दुखतोय आणि जिना चढून साहेबाकडे जायचंय हे कोणी सांगत नाही. मला या प्रकारच्या सगळ्या लिखाणातून हेच हवं असतं, की मोठी घटना माणसाच्या कुठल्या सांध्यात जाऊन बसली ते दाखवा.

प्रश्न : वडिलांच्या बदलीमुळे माझं शाळेचं सगळं वय नागालँडमधल्या दिमापूरला गेलं. बंद, कर्फ्यू, भूमिगत गटांचा 'टॅक्स' मागायला येणारी माणसं हे सगळं पाहिलंय. त्यावर कथा लिहायला बसलो की सिनेमाच होतो. गोळीबार, किंकाळ्या, शेवटी कोणीतरी मरतं. काय करू?

गोळीबार काढून टाका. निदान पहिल्या खर्ड्यात तरी. तुम्ही दिमापूरला राहिलात, गोळीबार तुम्ही किती वेळा डोळ्यांनी पाहिला असेल, बहुतेक वेळा लांबून आवाज आला असेल आणि आईने खिडकी लावून घेतली असेल. मग खिडकी लावणाऱ्या आईची गोष्ट लिहा. बंद असला की दूध कुठून यायचं, शाळेचा डबा करायचा की नाही हे रात्री कसं ठरायचं, बाबांना यायला उशीर झाला की घरात कोण काय बोलायचं नाही. भीती घरात राहायला आली की ती कामाच्या यादीत मिसळून जाते, तेच तुमच्याकडे आहे आणि ते सिनेमावाल्यांकडे नाहीये.

आणि 'टॅक्स' मागायला येणारा माणूस. तो दारात उभा आहे, वडील आत जाऊन पाकीट आणताहेत, तुम्ही दहा-बारा वर्षांचे, तुम्ही त्याच्याकडे बघताय. त्याचे बूट कसे होते? तो तुमच्याशी बोलला का? तो ओळखीच्या कोणाचा भाऊ होता का? तुमच्या वर्गात त्या गावची मुलं असतील, त्यांच्या घरून तर तुमच्यापेक्षा जास्त गेलं असेल, कारण तुम्ही बदली संपल्यावर निघून जाणार होतात आणि ते नाही. हे अंतर लपवू नका. तुमची गोष्ट बाहेरून आलेल्या कुटुंबाची आहे, नागा माणसाच्या मनात शिरून त्याच्या तोंडून लिहायचा मोह होईल, आत्ता टाळा. तुम्हाला जे दिसत नव्हतं तेही गोष्टीत राहू दे, मित्र एक दिवस शाळेत आला नाही, का ते कळलं नाही, कोणी सांगितलं नाही. लगेच वीस वर्षांनी भेटवून उत्तर देऊ नका.

माहिती कशी द्यायची हाही तुमचा अडथळा दिसतोय, पाठवलेल्या दोन पानांत एक पात्र दुसऱ्याला 'तुला माहीतच आहे की १९९७ साली शस्त्रसंधी झाली' असं सांगतं. माहीत आहे तर सांगतो कशाला? कुठलंही घर अशा भाषेत बोलत नाही. घरात 'ते लोक', 'वरचे', 'रात्री आलेले' असंच बोलतात, नाव घेत नाहीत. तसंच लिहा, वाचक मागे येतो.

मरण आणायचंच असेल तर गोष्टीच्या मध्ये आणा आणि पुढे लिहीत राहा, पुढच्या दिवशी कोणीतरी भात लावणारच आहे. पुढचा खर्डा झाला की पाठवा, मला खरंच वाचायचाय.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, भरपूर इंग्रजी वाचते. हे पुस्तक तिला देऊ का?

पूर्ण पुस्तक आत्ता नको, 'द लास्ट साँग' तर तुम्ही बरोबर बसल्याशिवाय नकोच. 'द जंगल मेजर' द्या, आणि 'द पॉट मेकर' द्या, ती संघर्षाची गोष्टच नाहीये, मडकी घडवायला शिकायचं म्हणणारी मुलगी आणि नको म्हणणारी आई आहे. तिला कळेल की ज्या डोंगरांबद्दल फक्त बंदुकीच्या बातम्या येतात तिथे आईमुलीची भांडणं पण होतात. बाकीचं दोन-तीन वर्षांनी तिचं ती घेईल.

प्रश्न : पुस्तक संपवलं, आता पुढे काय? काश्मीरवर असं काही आहे का?

ईशान्येतच अजून थोडं थांबायचं असेल तर अविनुओ किरे यांचा 'द पॉवर टू फर्गिव्ह', २०१५ चा, पुढच्या पिढीची नागा लेखिका, आवाज जास्त शांत. जॅनिस पारियात यांचा 'बोट्स ऑन लँड', २०१२, यात शिलाँग आणि मेघालय आहे, वेगळ्या प्रकारचा ताण, स्थानिक आणि बाहेरचा यातला, आणि त्यात लोककथा अशी मिसळलेली की कुठे काय संपलं कळत नाही. शैली हवी होती ना एका वाचकाला, त्यांनी हे आधी घ्या. तेमसुला आओंचाच दुसरा संग्रह 'लॅबर्नम फॉर माय हेड', ज्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मला पहिल्यापेक्षा जास्त मोकळा वाटतो. शीर्षककथेतल्या बाईला आपल्या थडग्यावर दगड नको, अमलताशाचं झाड हवंय, आणि त्यासाठी ती जे काही करते ते वाचताना मला फार आनंद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आओ गेल्या, तेव्हा मराठीत फारशी दखल घेतली गेली नाही याची मला अजून हळहळ वाटते.

काश्मीरवर इंग्रजी कथा आहेत आणि चांगल्या आहेत. शहनाज बशीर यांचा 'स्कॅटर्ड सोल्स', २०१६, एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी, खोऱ्यातली साधी माणसं. त्याच्याबरोबर सिद्धार्थ गिगू यांचा 'अ फिस्टफुल ऑफ अर्थ', २०१५, यात १९९० नंतर घर सोडावं लागलेले पंडित आहेत. ही दोन पुस्तकं सोबत वाचा असं मी आग्रहाने सांगेन, एक वाचून दुसरं कपाटात ठेवू नका, आणि कोणाचं दुःख मोठं हे ठरवायला तर अजिबात वाचू नका. पहिल्यात घरातला माणूस नाहीसा होतो, दुसऱ्यात माणसं आहेत पण घर गेलंय, आणि दोन्हीकडे म्हातारी माणसं एकच प्रश्न विचारत बसलेली सापडतात, परत कधी. पुस्तक मिळत नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी करा, अभ्यासक्रमात असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी प्रत असते, आणि नसेल तर मागणीचा फॉर्म भरून द्या, दोन-चार लोकांनी भरला की मागवतात.